आकडा सांगितल्यावर

नाही, त्या खुर्चीत नको, काकू — म्हणजे बसा, बसायला काही नाही, खुर्ची चांगलीच आहे, पण ही इकडची घ्या ना, हिची पाठ सरळ आहे. त्या मऊ खुर्चीत माणूस खाली खाली जातो आणि उठताना कुणीतरी हात द्यावा लागतो — हो, मुद्दामच तशी ठेवलीय, तुमच्यापाशी काय लपवायचं, उठायला जड जावं म्हणूनच. पर्स इकडे ठेवा. पाणी घ्या. तुम्ही येणार हे मला सकाळीच कळलं. साहेबांनी कागद आणून टेबलावर ठेवला, म्हणाले, जुनं घर आहे, मोठीचं लग्न आपल्याच हॉलमध्ये झालं, आता धाकटीचं आहे, सोपं काम आहे म्हणून तुझ्याकडे देतोय. सोपं म्हणे! मी नाव वाचलं आणि हातातला पेला निसटला — फुटला नाही, कागदी होता. तुम्ही मला ओळखलं नसेल. ओळखणार कुठून, मोठीच्या लग्नात मी नव्हतेच. रजेवर होते. ताप आला होता — म्हणजे कामावर आले असते तर आला असता.

तर धाकटी! अभिनंद — नाही, तो शब्द मी आता वापरत नाही, मी नुसतं म्हणते, आनंद झाला. फार आनंद झाला, काकू. हे कार्ड बघा. तीन रकाने आहेत — आरंभ, आनंद आणि अविस्मरणीय. नावं साहेबांची. आरंभमध्ये खुर्च्या आहेत पण खुर्च्यांवर कापड नाही, फोटो बघा, गंज दिसावा असाच उजेड टाकून काढलाय तो. अविस्मरणीयमध्ये छतापासून जमिनीपर्यंत फुलं, दोन्ही बाजूंना कारंजी, त्यांच्यामधून नवरी चालत येणार — ते आजवर कुणी घेतलेलं नाही. घ्यायलाच नको कुणी, घेतलं तर आमची फजिती, कारंजी आहेत कुठे आमच्याकडे? तो रकाना बघायला आहे, काकू. तो बघून झाला की मधला स्वस्त वाटायला लागतो. आणि मधला एकदा स्वस्त वाटला की — आई गं! — काही नाही, काही नाही, साहेब होते, काचेपलीकडून गेले. आम्ही त्यांना मांजर म्हणतो, पावलांचा आवाजच येत नाही म्हणून. ते सारखे फेऱ्या मारणार आज. हे बुकिंग आज झालं नाही तर उद्यापासून मला मागच्या खोलीत, फोन उचलायला. जाऊ दे. तुम्ही तिकडे बघू नका. आणि एक करा, मी बोलत असताना मध्ये मध्ये हं म्हणा, नाहीतर मान हलवा — नाही, मान नको. हं म्हणा.

मधल्यात काय काय येतं ते सांगते. हॉल, दिवे, फुलं, कापडासकट खुर्च्या, फोटोवाला, जेवण माणशी — पण दोनशे माणसांच्या खाली मोजत नाहीत, एकशेवीस आली तरी दोनशेच जेवली असं धरायचं. एका नवरदेवाच्या काकांनी विचारलं होतं, सगळंच धरलंय तर नवरीपण यातच का हो? आम्ही आठवडाभर हसत होतो. यातलं एकेक सुटं घेता येत नाही, म्हणजे येतं, पण सुटे दर असे लावलेत की नुसती फुलं आणि दिवे घेतले तरी मधल्या रकान्याच्या वर जातं. एक मुलगी आली होती, म्हणाली, फोटोवाला नको, माझा भाऊच फोटो काढतो, तेवढे कमी करा. तर साहेब म्हणाले, पॅकेज मोडलं! पॅकेज मोडलं की सगळे दर बदलतात. फोटोवाला नको म्हणून तिला जास्त पडायला लागले, काकू. शेवटी तिने फोटोवाला ठेवला आणि त्याला पहिल्या पंगतीला बसवून दिलं. आता तुम्ही म्हणाल, ही पोरगी स्वतःच्याच दुकानाची लक्तरं वेशीवर का टांगतेय, तर मी —

काय म्हणालात?

नाही, ऐकू आलं मला. पुन्हा विचारलं ते वेळ मिळावा म्हणून.

काका शेवटचं काय बोलले ते. हो. तुम्ही एवढ्यासाठीच आलात का? — दोन्हीसाठी. बरं. बरोबर आहे, विचारणारच की तुम्ही, माझ्या आईनेही विचारलं असतं. पण मी तेव्हा मोठीला सगळं सांगितलंय काकू, तिने सांगितलं असेल ना घरी — अगदी लगेच झालं. बसल्या बसल्या. त्यांना काही कळलंसुद्धा नाही. मी तेच सांगितलं, आणि नंतर दवाखान्यातून कुणी फोन केला त्यालाही तेच, आणि साहेबांनाही तेच. आणि गंमत — गंमत नाही, चुकून आलं तोंडात — साहेबांनी तेच उचललं. त्या जाड अल्बममध्ये तिसऱ्या पानावर तुमच्या मोठीचा फोटो आहे, तुम्हाला माहीत नसेल. तिथे आलं की मी थांबायचं आणि सांगायचं, या मुलीचे वडील इथे बुकिंग करतानाच गेले, तरीही घरच्यांनी लग्न इथेच केलं, इतका विश्वास. असं सांगायचं. आवाज जरा खाली आणून. मी सतरा वेळा सांगितलंय. सतरांपैकी बारा जणांनी बुकिंग केलं. — चिडा ना. चिडा काकू, नुसत्या बघत बसू नका.

बोलले ते. खूप बोलले. त्या मऊ खुर्चीत बसले होते, आणि खिशातून तुमची यादी काढली — तुमचीच ना ती, निळ्या शाईत, आठ प्रश्न? एकेक विचारायचे आणि पुढे बरोबरची खूण करायचे, शाळेतल्या मास्तरांसारखी. पार्किंग किती गाड्यांचं. लहान मुलं जेवणात अर्धी धरता का. वीज गेली तर. मला म्हणाले, हिची परीक्षा पास झाल्याशिवाय मला घरात घेणार नाहीत. हिची म्हणजे तुमची. मी हसले. मला आवडले होते ते, खरंच, मला फारसं कुणी आवडत नाही या खुर्चीत बसलेलं, कारण घाबरते मी सगळ्यांना, पण त्यांनी येताना दारावर टकटक केली होती, काचेच्या दारावर, मला दचकायला होऊ नये म्हणून. पहिल्यांदा आले तेव्हा मी दचकले होते ते त्यांच्या लक्षात राहिलं होतं.

मग सातव्या प्रश्नानंतर सजावटीची ताई आली आणि मोठीला घेऊन गेली, चल, तुला स्टेज दाखवते म्हणून. तेही ठरलेलं असतं. नवरी आणि पैसे देणारा माणूस, आकडा सांगताना एका खोलीत ठेवायचे नाहीत. तिकडे दिवे लावून ठेवलेले असतात, ती स्टेजवर उभी राहते, आरशात बघते, आणि परत येते ती आधीच इथली होऊन येते. वडील एकटे राहतात. तर ती गेली आणि तुमचे ते म्हणाले — हे शेवटचं, काकू, हेच शेवटचं, तुम्हाला हवं होतं ते — म्हणाले, बरं झालं तिला नेलंत, तिच्यासमोर घासाघीस नको वाटते. आणि मग दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर ठेवले आणि म्हणाले, सांगा आता आकडा, खुर्ची घट्ट धरून बसलोय मी.

हसत म्हणाले. तुम्हाला माहीतच असेल कसे हसायचे, एका बाजूने.

एवढंच. झालं. मग लगेच झालं. — पेला भरू का पुन्हा? चहा सांगू? दुसरा चहा सांगते मी, तसंही दुसरा चहा पाजायचाच असतो, दोन चहा झाले की माणसाला नाही म्हणायला लाज वाटते —

आठवा प्रश्न? यादीतला? तो राहिला. त्याच्यापुढे खूण नव्हती, हो. तुम्ही यादी बघितलीत म्हणजे. त्यांच्या खिशात परत मिळाली असेल. आठवा होता, कमी काही होईल का? खाली दोन रेघा मारलेल्या. नाही विचारला त्यांनी. विचारणार होते. मला वाटतं, विचारणार होते.

काकू, या खोलीत घड्याळ नाही ते लक्षात आलं तुमच्या? माणसाला उशीर झाल्याचं कळू नये म्हणून लावत नाहीत. म्हणून मोजावं लागतं. मनातल्या मनात. पहिल्याच दिवशी साहेबांनी मला या टेबलाशी बसवलं आणि शिकवलं, आकडा सांगितला की तोंड बंद. एक शब्द नाही. जो आधी बोलेल तो हरला. ते बोलले की मग आकडा खाली आणायचा, आपण आधी बोललो की आपलं नुकसान. आणि म्हणाले, गिऱ्हाईक नाटक करेल, तुला दया येईल असं करेल, तू मऊ आहेस, तुला सांगून ठेवतो — पहिलं, कपाळ पुसेल. दुसरं, मागे रेलेल. तिसरं, डोळे मिटून घेईल. तिन्ही नाटकं. फसायचं नाही. मोजत राहायचं. मी वहीत लिहून घेतलं होतं, कॉलेजातली सवय, एक, दोन, तीन, आणि कंसात नाटक. बहुतेक माणसं नवापर्यंत बोलतात. मोजून बघा कधी, नऊ म्हणजे फार असतं. एक बाई चौदापर्यंत टिकल्या होत्या, त्यांचं सगळ्यांनी कौतुक केलं.

मी आकडा सांगितला. आणि गप्प बसले.

सातला त्यांनी कपाळ पुसलं. मला वाटलं, हं, पहिलं. — नका ना असं बघू, मी सांगतेय ना, तुम्ही विचारलंत म्हणून सांगतेय, नाहीतर मी कुणालाही — आईलाही नाही सांगितलेलं. बाराच्या आसपास मागे रेलले. दुसरं. खुर्चीचे हात घट्ट धरले होते, बोटं पांढरी झाली होती, आणि मला वाटलं, मघाचा विनोद अजून चाललाय. मला हसू येत होतं, ते दाबलं, कारण हसणंही बोलल्यात धरतात. वीसला त्यांनी हात इथे नेला, खिशापाशी. यादी काढतायत वाटलं. आठवा प्रश्न. चला, आता बोलणार. मी खणाची मूठ धरून ठेवली, कारण खणात दुसरं कार्ड तयार असतं काकू — आधीच छापलेलं, आकडा तिसऱ्या हिश्श्याने कमी केलेला, वर लाल अक्षरात ‘फक्त आजच्यापुरतं’. रोजच आजच्यापुरतं असतं ते. ते काहीही बोलले असते, काहीही — अबब, अरे बापरे, जरा बघा ना — एक शब्द, की मी तो खण उघडणार होते. पहिला आकडा कुणी द्यावा म्हणून नसतोच. तोही बघायलाच असतो, त्या कारंज्यांसारखा.

ते नाही बोलले. डोळे मिटले. तिसरं.

चौदा कधीच मागे पडले होते. माझ्या मनात काय चाललं होतं सांगू? तुम्ही मला मारलंत तरी चालेल. मला वाटत होतं, हा माझा विक्रम आहे. काचेपलीकडे साहेब उभे होते, त्यांनी मला असा अंगठा दाखवला. मी घाबरट पोरगी, मला घरी कुणी जोरात हाक मारली तरी माझ्या हातातलं सांडतं, आणि मी चाळीसपर्यंत गप्प होते. पन्नासपर्यंत. त्यांच्या घशातून एक आवाज आला, बारीक, दार सरकल्यासारखा, मला वाटलं सुस्कारा. नाटकात सुस्कारा नव्हता लिहिलेला. तिथे मला कळायला हवं होतं, नाही? वहीत तीनच होती. हे चौथं होतं. खणाच्या मुठीवरून माझा हात सुटला, खरं सांगते, मी तो परत ठेवला — आणि मोजतच राहिले.

त्रेसष्टला त्यांची मान खाली गेली. अशी. एकदा. आणि मान हलली की काय करायचं तेही शिकवलेलं असतं, माणूस हो म्हणाला की त्याला मागे फिरायला जागा द्यायची नाही. मी म्हणाले, अभिनंदन, काका.

फॉर्म पुढे सरकवला. पेन ठेवलं. त्यांनी उचललं नाही. मग मी — काकू, मग मी ते पेन त्यांच्या बोटांत दिलं. माणसं कधी कधी भारावून जातात, सह्या करताना हात थांबतो, मी खूप जणांना तसं पेन दिलंय. बोटं गरम होती. तेवढ्यात मोठी दारात आली, गाल लाल झालेले, तिकडचे दिवे बघून आलेली, म्हणाली, ठरलं? आणि मी म्हणाले, ठरलं. मग तिने बाबा अशी हाक मारली. मग पेन पडलं.

तर लगेच नाही झालं. मी लगेच म्हणाले तुम्हा सगळ्यांना. लगेच नव्हतं ते. मी समोर बसले होते, एवढ्या अंतरावर, हात लांबवला असता तर पोचला असता, आणि मी गप्प बसले कारण मला गप्प बसायला सांगितलं होतं.

डॉक्टर काय म्हणाले तुम्हाला? थोडं आधी आणलं असतं तर, असं काही? — म्हणाले नाहीत की तुम्ही विचारलं नाहीत? — नाही विचारलंत. मीपण नाही. मी एकदा त्या दवाखान्याच्या दारापर्यंत गेले होते, पायऱ्या मोजल्या आणि परत आले. आता मी सगळीकडे मोजते. फोनवर कुणी जरा थांबलं की मोजते. घरी आई भाजी निवडताना गप्प झाली की मोजते, आणि पाचाच्या पुढे गेली की ओरडते, आई! ती म्हणते, काय झालंय तुला. बसमध्ये शेजारच्याला डुलकी लागली, मान खाली गेली, की मी त्याला हलवते. शिव्या खाल्ल्यात मी त्यापायी. एकाने तर विचारलं, बाई, तुमचं माझ्याकडे काही राहिलंय का? आणि इथे, आकडा सांगितला की मला आता गप्पच बसता येत नाही. सांगते आणि लगेच पुढचं वाक्य, आणि लगेच खण उघडते, कमी करून टाकते, समोरचा अजून कार्डही वाचत नसतो. म्हणून मागची खोली. साहेबांची चूक नाही, त्यांना काय माहीत.

साहेब, दोन मिनिटं! — हो, चाललंय, छान चाललंय! — गेले.

काकू, तुम्ही दुसरीकडे करा धाकटीचं. मी सांगतेय म्हणून सांगा घरी. पलीकडच्या रस्त्याला दोन हॉल आहेत, तिथेही हेच असेल, तीन रकाने असतील, मधलंच घ्यायला लावतील, पण ही खोली तरी नसेल. आणि तिथे आकडा सांगितला की लगेच विचारा, कमी काही होईल का. बाकीचे सात प्रश्न नंतर. हा आधी. पर्स घ्या. मी साहेबांना सांगेन, जमलं नाही म्हणून, फोन तर फोन, फोनवर निदान माणसाच्या श्वासाचा आवाज येतो.

उठत का नाही?

काय? — त्रेसष्ट म्हणजे किती? म्हणजे... मिनिटभर, काकू, मिनिटाच्या जरासं वर — नाही, तेही खोटं. मी भरभर नाही मोजत, दोन आकड्यांच्या मध्ये श्वास घ्यायचा असतो, म्हणजे आपण घाबरलेले दिसत नाही. मला माहीत नाही किती ते. खरंच माहीत नाही. मी परत कधी तेवढं मोजलंच नाही. नवाच्या पुढे जात नाही मी.

घड्याळ का काढताय हातातलं? टेबलावर कशाला —

नाही. नाही काकू, पाया पडते. आत्ता? इथे? परत त्रेसष्टपर्यंत मोजायचं? हे कसलं — तुम्हाला कळायचंय. हो. तुमचा हक्क आहे, पण मला नाही जमणार, मी दहाला बोलेन, मला माहितेय, मी तुम्हाला हाक मारेन — नाही मारायची. बरं. तुम्ही माझ्याकडे बघणार की घड्याळाकडे? — माझ्याकडे. बरं. आणि साहेब आले तर येऊ देत.

तोच सांगू? त्यांना सांगितला तोच? खणातला नाही, पहिला.

आणि मग काहीच बोलायचं नाही.

बरं.

नऊ लाख ऐंशी हजार, काकू.